म्हाताऱ्या गावांचं नियोजन: नोतोच्या भूकंपाने जपानपुढे ठेवलेला प्रश्न

२०२४ सालचा पहिलाच दिवस. जपानमध्ये नववर्ष म्हणजे गावी जाण्याचा सण. शहरात नोकरी करणारी मुलं नातवंडांना घेऊन येतात, एरवी बंद असलेल्या खोल्या उघडतात, म्हाताऱ्या आईवडिलांच्या घरात दोन-तीन दिवस गजबज असते. त्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी इशिकावा प्रांतातलं नोतो द्वीपकल्प ७.६ तीव्रतेच्या भूकंपाने हादरलं. घरं कोसळली, डोंगर खचून रस्त्यांवर आले, वाजिमा शहरातला जुना बाजार आगीत गेला. काही ठिकाणी किनाऱ्याची जमीन चार मीटरपर्यंत वर उचलली गेली आणि मासेमारीची बंदरं कोरडी पडली.

भूकंपाच्या बातम्या काही दिवसांनी मागे पडल्या. मग एप्रिलमध्ये वेगळीच बातमी आली. जपानच्या अर्थमंत्र्यांना सल्ला देणाऱ्या परिषदेत मुद्दा निघाला, की नोतोची पुनर्बांधणी करताना पुढे कमी होत जाणारी लोकसंख्या आणि देखभालीचा खर्च विचारात घ्यावा, सोयी शक्य तिथे एकत्र आणाव्यात. इशिकावाच्या राज्यपालांनी उघड नाराजी व्यक्त केली. आडवळणाच्या सरकारी भाषेतून गावकऱ्यांना जे ऐकू आलं ते सरळ होतं: माणसंच उरणार नसतील तर तिथे रस्ता कशाला?

प्रश्न जिव्हारी लागणारा आहे, तरी तो टाळता येत नाही. मात्र तो ज्या वेळी विचारला गेला ती वेळ चुकीची होती, असं मला ठामपणे वाटतं. घर पडलेल्या माणसाला, तो गावापासून शंभर किलोमीटरवरच्या हॉटेलच्या खोलीत बसलेला असताना, तुझं गाव ठेवायचं की नाही हे विचारण्यात अर्थ नसतो. तो प्रश्न दहा वर्षं आधी, गावातच, शांतपणे विचारायचा असतो. तसं कुठे झालं, कुठे राहून गेलं आणि त्याने काय फरक पडला, ते पाहू.

आधी एक शब्द: 'काठावरचं गाव'

जपानी भाषेत 'गेन्काइ शुउराकु' असा शब्द आहे. गेन्काइ म्हणजे मर्यादा, शुउराकु म्हणजे वाडी-वस्ती. आकिरा ओनो या समाजशास्त्रज्ञांनी १९९०च्या सुमारास तो रूढ केला. ज्या वस्तीत निम्म्याहून अधिक लोक ६५ वर्षांपुढचे आहेत आणि त्यामुळे गावाने मिळून करायची कामं जमेनाशी झाली आहेत, ती गेन्काइ शुउराकु. आपण तिला काठावरचं गाव म्हणू.

या व्याख्येचा पहिला भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो, कारण तिथे आकडा आहे. महत्त्वाचा आहे तो दुसरा भाग. भातशेतीच्या पाटातला गाळ काढणं, रस्त्याकडेचं गवत कापणं, छपरावरचा बर्फ ओढणं, सणाचा रथ उचलणं, कुणी गेलं तर खांदा देणं ही कामं कुठल्याही खात्याकडे नसतात. ती गाव करतं. सत्तर टक्के म्हातारी माणसं असलेलं एखादं गाव ही कामं नीट करत असेल, तर ते अजून काठावर आलेलं नाही. चाळीस टक्क्यांचं एखादं गाव कधीच काठावर आलेलं असू शकतं.

२०२० च्या जनगणनेत नोतोच्या टोकावरच्या सुझू शहराची लोकसंख्या १३,००० पेक्षा थोडी कमी होती आणि त्यातले निम्म्याहून अधिक जण पासष्टीपुढचे होते. १९५०च्या दशकात याच ठिकाणी ३८,००० च्या आसपास लोक राहत. आणि सुझू अपवाद नाही. सरकारच्या २०१९ च्या पाहणीनुसार जपानच्या विरळ होत चाललेल्या भागांत सुमारे ६३,००० वस्त्या होत्या. त्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांश वस्त्यांत निम्मी माणसं पासष्टीपुढची होती.

२०१४ मध्ये हिरोया मासुदा यांच्या नेतृत्वाखालच्या अभ्यासगटाने एक यादी काढली. २० ते ३९ वयाच्या स्त्रियांची संख्या २०४० पर्यंत निम्म्याने घटेल अशी ८९६ शहरं-गावं त्यांनी नावानिशी जाहीर केली आणि ती नामशेष होऊ शकतात असं म्हटलं. २०२४ मध्ये नव्या हिशेबाने हा आकडा ७४४ झाला. यादीने देश खडबडून जागा झाला हे खरं, पण तिने नुकसानही केलं. ग्रामीण प्रश्नांचे अभ्यासक तोकुमी ओदागिरी यांनी फार आधीपासून सांगितलं होतं, की गाव एका दमात रिकामं होत नाही. आधी माणसं जातात, मग जमीन ओस पडते, मग गावपण विरतं. या सगळ्याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट पोखरली जात असते: आपल्या गावाबद्दलचा अभिमान. आई स्वतःच मुलाला सांगते, 'इथे राहू नकोस, इथे काही नाही.' अशा गावाचं नाव मृत्युयादीत छापलं की ते आईचंच वाक्य सरकारी शिक्क्यानिशी परत येतं.

माणसं घटतात, नळ तेवढाच लांब राहतो

मोठा वाडा डोळ्यांसमोर आणा. एके काळी तिथे वीस माणसं नांदत होती, आता दोन उरली आहेत. माणसं दोन झाली म्हणून छप्पर लहान होत नाही. गळती वीस माणसांच्या वाड्याची, दुरुस्तीला हात मात्र चार.

गावाचं तसंच असतं. समजा, डोंगरापलीकडच्या एका वाडीला दहा किलोमीटर लांबीच्या नळाने पाणी जातं. वाडीत चाळीस घरं होती तेव्हा एका घरामागे पाव किलोमीटर नळ पडत होता. घरं आठ उरली की तोच हिशेब सव्वा किलोमीटरवर जातो. नळ गंजायचा थांबत नाही. रस्ता, पूल, विजेची तार, शाळेची बस, टपाल, सगळीकडे हेच गणित आहे.

भूकंपात हे गणित एकदम उघडं पडलं. इशिकावा प्रांतात एक लाखाहून अधिक घरांचं पाणी गेलं. सुझू आणि वाजिमाच्या काही भागांत ते परत यायला मे महिना उजाडला, म्हणजे पाच महिने. नोतो हे समुद्रात घुसलेलं अरुंद, डोंगराळ बोट आहे आणि रस्ते मोजके. ते खचले तेव्हा २४ भागांतले मिळून तीन हजारांहून अधिक लोक बाहेरच्या जगापासून तुटले.

जमिनीचं गणित याहून कमी दिसतं. डोंगरउतारावरची पायऱ्यापायऱ्यांची भातशेती ही एक प्रकारची पाणी-यंत्रणा आहे. कुणीतरी रोज बांध बघतं, भेग दिसली की चिखलाने बुजवतं, पाट मोकळा ठेवतं. ते कुणीतरी गेलं की पाणी आपली वाट शोधतं, बांध फुटतात, उतार सैल होतो, झुडपं माजतात आणि त्यांत रानडुकरं येतात. खालच्या गावाला याचा पत्ता मोठा पाऊस येईपर्यंत लागत नाही. म्हणून वरच्या वाडीतल्या चार म्हाताऱ्यांचा प्रश्न त्या चौघांपुरता कधीच नसतो.

भूकंपात वाचलेले नंतर का गेले?

नोतोच्या भूकंपात घराखाली सापडून, आगीत किंवा त्सुनामीत थेट मृत्यू पावलेल्यांची संख्या २२८ आहे. एकूण मृतांचा आकडा मात्र ६०० च्या पुढे गेला आहे. मधला फरक कुठून आला?

जपानमध्ये 'आपत्तीशी निगडित मृत्यू' अशी अधिकृत वर्गवारी आहे. भूकंपातून माणूस वाचला, पण नंतरच्या हालांमुळे गेला, हे समितीने तपासून मान्य केलं तर तो या वर्गात मोजला जातो. जानेवारीची थंडी, शाळेच्या व्यायामशाळेतली लाकडी जमीन, पाणी नाही म्हणून संडास नको आणि संडास नको म्हणून पाणी पिणंच कमी, थांबलेली औषधं, बंद पडलेला वृद्धाश्रम, मग एका निवाऱ्यातून दुसऱ्या आणि दुसऱ्यातून तिसऱ्या शहरात हलवाहलव. पंच्याऐंशी वर्षांच्या शरीराला यातली प्रत्येक गोष्ट भूकंपाइतकीच जड जाते.

म्हणजे जिथे वस्ती म्हातारी आहे तिथे आपत्ती जमीन हलायची थांबली तरी संपत नाही, पुढची दोन वर्षं चालू राहते. त्या काळातलं नियोजन हे जीव वाचवण्याचंच काम आहे आणि ते जवळजवळ सगळं आधी करून ठेवता येण्यासारखं असतं.

'मग सगळ्यांना शहरात का हलवत नाहीत?'

हा आक्षेप दुष्टपणाचा नाही. खर्चाचं गणित वर दिलंच आहे. उत्तर द्यायला युबारीकडे पाहावं लागेल.

युबारी हे होक्काइदो बेटावरचं कोळशाचं शहर. १९६० मध्ये तिथे १,१७,००० लोक होते. खाणी बंद झाल्या, नगरपालिकेने पर्यटनावर कर्ज काढून पैसा ओतला आणि २००७ मध्ये ती अक्षरशः दिवाळखोरीत गेली. आज लोकसंख्या सात हजारांच्याही खाली आहे. प्राथमिक शाळा एक, माध्यमिक शाळा एक. खाणींच्या दऱ्यादऱ्यांत विखुरलेली वस्ती हळूहळू मध्यभागी आणायची योजना तिथे झाली. एका वसाहतीत तर आधी अर्ध्या रिकाम्या इमारतींमधली कुटुंबं त्याच वसाहतीतल्या जवळच्या इमारतींत आणली, तीही रहिवाशांशी बैठकांवर बैठका घेऊन. शेजारी शेजारीच राहिले, आणि उगाच तापवाव्या लागणाऱ्या इमारती बंद झाल्या. नगरपालिकेने आपणहून रेल्वेफाटा सोडण्याचीही तयारी दाखवली आणि बदल्यात रेल्वे कंपनीकडून बससेवेसाठी पैसे मिळवले. २०१९ मध्ये तो फाटा बंद झाला.

तेव्हा एकत्र येणं, आकसून राहणं शक्य आहे. पण त्याला वर्षं लागतात आणि ते ओळखीच्या माणसांसह करावं लागतं. उलटं केलं तर काय होतं हे कोबे शहराने १९९५ च्या भूकंपात दाखवलं. त्या भूकंपानंतर तात्पुरती घरं वाटताना वृद्ध आणि अपंगांना प्राधान्य दिलं आणि सोडत काढली. नियम सद्हेतूचा आणि न्याय्य होता. परिणाम असा झाला, की शहरभरातली एकटी, आजारी, थकलेली माणसं एकमेकांना अनोळखी अशा वसाहतींत एकत्र आली. दार ठोठावणारं ओळखीचं कुणी राहिलं नाही. तात्पुरत्या घरांत कुणालाही न कळता झालेल्या मृत्यूंची संख्या दोनशेच्या वर गेली. 'कोदोकुशी', एकाकी मरण, हा शब्द त्यानंतर जपानभर पोचला.

शेजार ही म्हाताऱ्या माणसासाठी सोयीची नाही, आरोग्याची गोष्ट आहे. हलवण्याचा खर्च मांडताना हा आकडा कुठल्याच रकान्यात येत नाही.

यामाकोशीने काय केलं

२३ ऑक्टोबर २००४. निईगाता प्रांतातल्या चुएत्सू भागात ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला. डोंगरातलं यामाकोशी गाव, लोकसंख्या सुमारे २,२००, चहूबाजूंनी तुटलं. सगळे रस्ते दरडींखाली. सरपंच तादायोशी नागाशिमा यांनी संपूर्ण गाव खाली करायचा निर्णय घेतला आणि लोकांना हेलिकॉप्टरने खालच्या नागाओका शहरात नेलं.

घाईत मिळेल त्या हेलिकॉप्टरमध्ये बसल्यामुळे वाड्या विस्कटल्या. एका वाडीची माणसं चार निवाऱ्यांत. काही दिवसांतच नागाशिमा यांनी सगळ्यांना पुन्हा हलवलं, ते वाडीवार. ज्या वाडीची माणसं त्या वाडीच्या निवाऱ्यात. थकलेल्या माणसांना इतक्या लवकर दुसऱ्यांदा सामान उचलायला लावणं सोपं नव्हतं. पण पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं. तात्पुरती घरंही वाडीवारच वसवली, त्यामुळे संध्याकाळी जायचं ते नेहमीच्याच शेजाऱ्याकडे, आणि 'परत जायचं का, कधी, कसं' ही चर्चा तीन वर्षं त्याच माणसांत चालू राहिली. 'चला, परत यामाकोशीला' ही त्यांची घोषणा होती.

कोगोमो नावाची वाडी परत जाऊच शकत नव्हती. दरडीने नदी अडली आणि तिची घरं पाण्यात बुडाली होती. त्या लोकांनी जवळच्याच उंच जागेवर वाडी पुन्हा वसवली. २००७ च्या अखेरीस तात्पुरती घरं रिकामी झाली तोवर सुमारे सत्तर टक्के लोक डोंगरावर परतले होते. शोभेचे रंगीत कोइ मासे पाळणं हा तिथला जुना धंदा आणि बैलांच्या झुंजी ही जुनी परंपरा, दोन्ही पुन्हा सुरू झाले. पुढे अमेरिकेतल्या कोलोराडोहून भेट आलेले अल्पाका त्यांनी पाळले, आणि ते पाहायला माणसं डोंगर चढून येऊ लागली.

आधी बेरीज, मग गुणाकार

चुएत्सूत पुनर्उभारणीसाठी एक निधी होता आणि त्यातून 'उभारणी साहाय्यक' म्हणून पगारी माणसं गावोगाव नेमली गेली. त्यांच्या अनुभवातून निघालेली एक कल्पना मला या सगळ्या विषयातली सगळ्यात उपयोगी वाटते. ती शाळेच्या गणिताइतकी सोपी आहे.

भूकंपाने खचलेल्या, आधीच म्हाताऱ्या झालेल्या गावाचं मन उणे आकड्यात असतं. समजा, उणे तीन. बाहेरून सल्लागार येतो, आराखडा मांडतो, पर्यटन केंद्र काढू, ब्रँड करू, म्हणतो. हा गुणाकार झाला. उणे तीनला दहाने गुणलं तर उणे तीस येतात. बैठकीत सगळे मान डोलावतात, केंद्र बांधलं जातं, दोन वर्षांत कुलूप लागतं आणि गाव म्हणतं, 'बघा, आमच्याकडून काहीच होत नाही.'

म्हणून आधी बेरीज. साहाय्यक आजीच्या ओट्यावर बसून तिचं ऐकतो. तिच्यासोबत मुळे उपटतो. बंद पडलेली एखादी छोटी जत्रा पुन्हा भरवायला चार खुर्च्या उचलतो. शहरातली कॉलेजची पोरं येतात, तिच्या हातचं लोणचं खातात आणि 'हे आम्हाला कुठेच मिळालं नव्हतं' म्हणतात. एक अधिक एक अधिक एक. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, पगार घेऊन हा करतो तरी काय? पण या काळात गाव उणे तीनवरून शून्यावर येतं आणि मग एखादी बाई स्वतःच म्हणते, 'आपण हे लोणचं विकलं तर?' आता गुणाकाराची वेळ झाली.

२००९ पासून केंद्र सरकारने 'गाव-उभारणी सहकारी दल' नावाची योजना देशभर चालवली. शहरातली माणसं जास्तीत जास्त तीन वर्षं पगारावर खेड्यात राहून काम करतात. सुरुवातीला ८९ जण होते, आता संख्या सात हजारांवर गेली आहे, आणि मुदत संपल्यावर निम्म्याहून जास्त लोक त्याच भागात राहतात. पण जिथे येणाऱ्या तरुणाला पहिल्या दिवसापासून गुणाकार करायला लावतात, 'तीन वर्षांत गावाचं उत्पन्न वाढवून दाखव' म्हणतात, तिथे तो थकतो आणि गावही.

'पण शेवटी लोकसंख्या घटलीच ना?'

घटली. यामाकोशीत आज आठशेहूनही कमी माणसं आहेत. ज्यांना फक्त डोकी मोजायची आहेत त्यांच्या दृष्टीने प्रयोग फसला.

या आक्षेपाचा मान राखला पाहिजे, कारण सरकारी पैसा सगळ्यांचा असतो. पण त्याच मापाने ओकुशिरी बेटही मोजू. १९९३ च्या भूकंप आणि त्सुनामीत या बेटावर सुमारे दोनशे माणसं गेली. मग प्रचंड पैसा ओतून काही ठिकाणी अकरा मीटर उंचीच्या समुद्रभिंती बांधल्या, जमीन उचलली, घरं, बंदरं नवी झाली. तेव्हा बेटावर ४,७०० च्या आसपास लोक होते, आज साधारण निम्मे आहेत. यामाकोशीतही माणसं कमी झाली आणि ओकुशिरीतही. लोकसंख्या घटणं देशभराचं आहे. २०२४ मध्ये जपानमध्ये सात लाखांपेक्षा कमी बाळं जन्मली, आणि एखाद्या डोंगरगावाने कितीही चांगलं नियोजन केलं तरी हा प्रवाह उलटणार नाही. नियोजन ठरवू शकतं ते एवढंच, की उरलेली आठशे माणसं कशी राहतात: मिळून कामं करत, की एकेकटी दार लावून.

शिवाय गावाची माणसं म्हणजे फक्त तिथे झोपणारी माणसं का? यासाठी जपानमध्ये एक शब्द रुळला आहे, 'कान्केइ जिन्को', म्हणजे नातं असलेली लोकसंख्या. ही माणसं तिथली रहिवासी नसतात आणि एकदा फोटो काढून जाणारे पर्यटकही नसतात. दरवर्षी भातलावणीला येणारा, गावच्या सणाला सुट्टी काढणारा, शहरात बसून गावच्या संस्थेचे हिशेब पाहणारा, असा हा गोतावळा. यामाकोशीने २०२१ च्या अखेरीस कोइ माशांच्या डिजिटल चित्रांची विक्री सुरू केली, आणि जो घेईल तो 'डिजिटल गावकरी'. काही काळातच असे गावकरी प्रत्यक्ष गावकऱ्यांपेक्षा जास्त झाले आणि त्यांतले काही डोंगर चढून बर्फ ओढायलाही आले. यातून पाटातला गाळ रोज निघत नाही, हेही खरं. दुरून जीव लावणारा माणूस पहाटे तीन वाजता आजीला दवाखान्यात नेऊ शकत नाही. नातं असलेली लोकसंख्या हा आधार आहे, पर्याय म्हणून ती मोजायला लागलो तर आपण स्वतःला फसवू.

निर्णय म्हाताऱ्यांनी घ्यायचा की तरुणांनी?

मियागी प्रांतातल्या ओनागावा या किनाऱ्यावरच्या गावाने याचं थेट उत्तर दिलं. २०११ च्या त्सुनामीत दहा हजार वस्तीच्या या गावातले आठशेहून अधिक लोक गेले. तेव्हा तिथल्या व्यापारी मंडळाच्या प्रमुखांनी जाहीर सांगितलं, की पुनर्उभारणीत साठीपुढच्यांनी तोंड घालू नये, कारण गाव उभं राहायला दहा-वीस वर्षं लागतील आणि त्या गावात राहायचं आहे तरुणांना. वडीलधाऱ्यांनी पैसा, ओळखी आणि संरक्षण द्यावं, आखणी तरुणांनी करावी. भल्यामोठ्या समुद्रभिंतीऐवजी जमीन उंच करायची, स्टेशन, दुकानं आणि दवाखाना जवळजवळ आणायचे आणि समुद्र दिसत राहू द्यायचा, असं गावाने ठरवलं.

जिथे तरुण आहेत तिथे हे योग्य आहे. पण ज्या वाडीत सगळ्यात तरुण माणूस अडुसष्टचा आहे, तिथे 'तरुणांना ठरवू द्या' म्हणजे 'बाहेरच्यांना ठरवू द्या'. शहरात गेलेल्या मुलांना बैठकीत बोलवावं, कारण जमीन आणि घर उद्या त्यांच्याच नावावर येणार. जपानमध्ये आजच ९० लाख घरं रिकामी आहेत, आणि आपत्तीनंतर पडकं घर हटवायला मालकाची संमती मिळवण्यातच महिने जातात. तरी पुढची पंधरा वर्षं तिथे जगायची आहेत ती त्या आजीला. तिचं मत वजा करून केलेला आराखडा कागदावर कितीही नीट दिसो, मला तो मान्य नाही.

भूकंपाआधीच पुनर्उभारणीचा आराखडा

याला जपानीत 'जिझेन फुक्को' म्हणतात. जिझेन म्हणजे घटनेआधी, फुक्को म्हणजे पुनर्उभारणी. ऐकायला विचित्र वाटतं, पण घरातल्या थोरांनी धडधाकट असतानाच कागदपत्रं कुठे आहेत, कुणाला काय द्यायचं, हे सांगून ठेवावं, तसंच हे.

सुझूतल्या जिके भागातली शिमोदे वाडी समुद्राच्या अगदी काठावर आहे. २०११ नंतर ती दरवर्षी सराव करत आली: जोराचा धक्का बसला की कुणाची वाट न पाहता वरच्या सभागृहाकडे निघायचं, आणि ज्याला चालता येत नाही त्याला कोण नेणार हे ठरलेलं. १ जानेवारीला सुमारे नव्वद जण काही मिनिटांत वर पोचले. हे गाव म्हातारं होतं, पण वर दिलेल्या व्याख्येने पाहिलं तर काठावरचं नव्हतं.

२००७ च्या नोतो भूकंपातही असंच झालं होतं. वाजिमाच्या मोन्झेन भागात स्वयंसेवी कल्याण-सेवकांनी अंथरुणाला खिळलेले कोण, एकटे राहणारे कोण, याचा नकाशा रंगांनी भरून ठेवला होता. त्या नकाशावरून काही तासांत सगळ्या वृद्धांची खुशाली कळली.

उलट उदाहरणही आहे. २०१८ च्या पुरात कुराशिकी शहराच्या माबी भागात ५१ जण बुडाले. दहातले आठहून अधिक ६५ वर्षांपुढचे होते, आणि अनेक जण आपल्याच घराच्या तळमजल्यावर. त्यानंतर २०२१ मध्ये कायदा बदलला. ज्यांना मदतीशिवाय बाहेर पडता येत नाही अशा प्रत्येकासाठी 'कोण, कुठून, कसा नेणार' याचा वैयक्तिक आराखडा करण्याचा प्रयत्न नगरपालिकांनी करायचा, असं ठरलं.

कोची प्रांतातल्या कुरोशिओ गावाने हे काम सगळ्यात पुढे नेलं. २०१२ मध्ये सरकारी अंदाज आला, की सगळ्यात वाईट भूकंपात तिथे ३४.४ मीटर उंचीची त्सुनामी येऊ शकते. देशातला सर्वांत मोठा आकडा. आकडा ऐकून म्हातारी माणसं म्हणू लागली, 'मग पळून तरी काय उपयोग? आली तर आली.' गावाने ठरवलं, आपला पहिला शत्रू ही हताशा आहे. सुमारे दोनशे कर्मचाऱ्यांना, मग ते कुठल्याही खात्याचे असोत, एकेक वाडी वाटून दिली. घराघरासाठी तक्ता केला: इथून वर जायला किती मिनिटं, वाटेत कोणती भिंत पडेल, आजोबांच्या गुडघ्याचं काय. त्सुनामी आली तर चढून बसायला उंच मनोरे बांधले, वर जायला उतार ठेवला. आणि त्याच बदनाम आकड्यावरून नाव घेऊन गावाने डबाबंद अन्नाचा कारखाना काढला.

आता तात्पुरत्या घरांची जागा. डोंगराळ भागात सपाट जमीन दुर्मीळ, आणि जी असते ती नदीकाठी. नोतोत भूकंपानंतर घाईने काही तात्पुरती घरं अशाच सखल जागी उभारली गेली. २१ सप्टेंबर २०२४ ला अतिवृष्टी झाली आणि भूकंपात घर गमावलेल्या लोकांच्या नव्या घरात पुन्हा पाणी शिरलं. नऊ महिन्यांत दोनदा उद्ध्वस्त. दुसरीकडे, त्याच प्रांताने गावाजवळ टिकाऊ लाकडी घरंही बांधली, जी पुढे कायमची राहण्यासाठी वापरता येतील. अशा घरांसाठी पुराच्या रेषेबाहेरची जागा कोणती, मालक कोण, पाणी कुठून येणार, ही यादी भूकंपाच्या आदल्या वर्षी गावसभेत होऊ शकते.

आणि एक शेवटची अडचण, जी तोकुशिमा प्रांतातल्या मिनामी गावच्या युकी भागातल्या लोकांनी ओळखली. तिथेही मोठ्या त्सुनामीचा अंदाज आहे. अंदाज जाहीर झाल्यावर तरुण कुटुंबं नवं घर बांधायला गावाबाहेर जाऊ लागली. भूकंप झालाच नव्हता, आणि गाव रिकामं व्हायला लागलं होतं. यालाही तिथे नाव मिळालं: आपत्तीपूर्व ओसाडी. युकीच्या लोकांनी विद्यापीठातल्या अभ्यासकांना सोबत घेऊन आपला आराखडा केला. उंचावरची घरांची जागा आपत्तीनंतर शोधायची नाही, आत्ताच तयार करायची, म्हणजे मुलं लहान असलेली कुटुंबं गावातल्या गावातच वर राहायला जातील आणि खाली बंदरावर कामाला येतील.